बेचाळीस वस्तू आणि एक टँकर

एप्रिलची सात तारीख, मंगळवार. काम : गावाचा इतिहास उन्हात वाळत घालणे.

इतिहास म्हणजे एकूण बेचाळीस नग. तांब्याचं घंगाळ, पाणी तापवायचा बंब, लाकडी काथवट, धान्य मोजायच्या पायल्या, माणूस उभा बुडेल एवढा रांजण, चामड्याची मोट, कामट्यांची शेणामातीनं लिंपलेली कणगी, आणि असंच बरंच. हे सगळं मी घरोघर हिंडून, माळ्यांवर चढून, कोंबड्या हुसकून गोळा केलं होतं. (एका घरी कोंबडीनंच मला हुसकलं. तिची खूण अजून पोटरीवर आहे.)

आमचं गाव तेलगावच्या पुढं. गावात एक सेवा सोसायटी, सोसायटीचं एक गोदाम आणि गोदामाच्या शेजारी एक खोली. त्या खोलीत मी सहा वर्षं गावाचं ग्रंथालय चालवत होते. मागच्या दिवाळीत त्याच खोलीत अर्ध्या जागेत संग्रहालय मांडायला घेतलं. आणि संग्रहालयाचं काम रंगात आलं तसं सोसायटीला आठवलं, की अरे, ही खोली आपली आहे! खताची पोती ठेवायला जागा पुरत नाही!

सोसायटीचे चेअरमन म्हणजे माझेच थोरले दीर. आता आमच्या घराची रीत अशी, की थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाही. त्यामुळे भाऊजींना मला काही सांगायचं असलं की ते जाऊबाईंकडं बघून सांगतात. जाऊबाई नसल्या तर भिंतीला सांगतात. अठरा वर्षांत ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते आणि तरी मला सगळं कळत होतं.

त्या आठवड्यात त्यांनी भिंतीला सांगितलं, "जिल्ह्याचा साहेब मंगळवारी ग्रंथालय बघाया येनार हाय. त्यानं चांगलं मनलं तर ऱ्हाऊ द्या तुमच्या खोलीत तुमची मडकी. न्हाई तर एक तारखेपासून पोती."

मी भिंतीला म्हटलं, "बरं."

तर सोमवारी दुपारी मी सगळ्या वस्तूंवर नंबर घातले. मी व्यवस्थित बाई आहे. वस्तू तिथं नंबर, नंबर तिथं पाटी, पाटीवर चार ओळींची माहिती. नंबरांसाठी सोसायटीच्या कपाटात अर्धा डबा लाल ऑइलपेंट उरला होता, तो घेतला. नवा डबा कशाला आणायचा? एवढी मी काटकसरी. (हे वाक्य लक्षात असू द्या. पुढचं सगळं या काटकसरीमुळे झालं.)

कारण तो लाल रंग उरला होता टिपाडांचा, म्हणजे पाण्याच्या पिंपांचा.

लागोपाठ तिसरं वर्ष पाऊस नव्हता. विहिरीत पाण्याऐवजी बादल्या सापडत होत्या. आमच्या वस्तीची चाळीस घरं, आणि त्यांना दिवसाला एक टँकर. आधी आधी टँकर आला की बायकांची अशी झुंबड उडायची की पाणी रस्त्याला आणि हंडे डोक्यात. शेवटी भाऊजींनी सोसायटीच्या बैठकीत नियम केला : घरटी एक टिपाड, टिपाडावर लाल नंबर, मारुतीच्या पारापाशी नंबरवार ओळ. ड्रायव्हर नंबर बघून भरणार, आणि ज्याचा नंबर त्याचं पाणी. दुसऱ्या नंबराला हात लावायचा नाही. एक नंबर अर्थातच चेअरमनच्या घराचा, म्हणजे आमचा. नियम उत्तम होता. वस्तीतली लहान पोरंसुद्धा लाल नंबर म्हटलं की पाणी, एवढंच ओळखायची.

आणि मी त्याच डब्यातल्या त्याच लाल रंगानं, बेचाळीस भांड्याकुंड्यांवर एक ते बेचाळीस नंबर घालून, ती रस्त्याकडेच्या सोसायटीच्या ओट्यावर ओळीनं वाळत ठेवली! बी. ए. झालेय मी.

मंगळवारी सकाळी रंग अजून चिकट होता. साहेब अकराला येणार होते. पाट्या डकवायला खळ हवी, ती शिजवायला मी घरी निघाले. राखणीला सासूबाईंना बसवलं.

"आत्याबाई, कुणाला हात लावू देऊ नका हं."

"न्हाई लावू देत," त्या म्हणाल्या आणि तंबाखू मळत ओट्यावर बसल्या.

नेमका त्या दिवशी टँकरवर बदली ड्रायव्हर होता. त्याला कुणीतरी सांगितलेलं, त्या गावात लाल नंबर दिसतील तिथं भरायचं, नंबरवार. पार पुढं होता. सोसायटी आधी लागते. त्याला लाल नंबर दिसले. त्यानं टँकर लावला, नळी सोडली आणि एक नंबरापासून भरायला सुरुवात केली.

सासूबाईंनी त्याला थांबवायचं होतं. पण खरं सांगते, पाणी ओतणाऱ्या टँकरला 'थांब' म्हणणारं माणूस त्या वर्षी आमच्या तालुक्यात नव्हतं. उलट त्या उठून मदतीला लागल्या.

"भर बाबा, भर. त्या घंगाळात बी घाल. ह्ये कावून सोडलं?"

"आजी, ही पायली हाय व. मापट्यात पानी घालू?"

"नंबर हाय का न्हाई?"

"हाय. सात."

"मंग?"

ड्रायव्हरनं पायली भरली. उखळ भरलं. काथवट भरली. लाकडी पाळणा भरला, तो खालून गळायला लागला म्हणून पुन्हा भरला! बेचाळीस नंबर संपले तरी टँकर अर्धाही रिकामा झाला नव्हता. ड्रायव्हर खूश. म्हणाला, "आजी, लई समाधानी गाव हाय तुमचं. पुढच्या वाडीला उरलेलं दिऊन टाकतो." वहीवर सगळे नंबर भरल्याचा सासूबाईंचा अंगठा घेतला आणि निघून गेला.

मी खळीचं पातेलं घेऊन परत आले तर ओट्यावरून ओहोळ वाहतोय आणि सासूबाई त्यात पाय सोडून बसलेल्या.

"आत्याबाई! हे काय?"

"कुनाला हात लावू दिला न्हाई," त्या म्हणाल्या. "नळीनंच भरलं."

मी पातेलं खाली ठेवायच्या आत पारापासून आरडाओरडा ऐकू आला. बायका टिपाडांपाशी वाट बघून थकल्या होत्या, आणि टँकर पारापाशी न येताच वाडीच्या रस्त्याला वळला असं दिसल्यावर सगळ्या वस्तीचा लोंढा सोसायटीकडं निघाला होता. पुढं गयाबाई. नऊ नंबरचं घर. गयाबाईचा आवाज असा की गावात लाउडस्पीकर बिघडला तर कुणी दुरुस्त करत नाही.

"पानी कुटंय आमचं?"

सासूबाईंनी ओट्याकडं हात केला. "ह्ये काय. तुझा नंबर किती?"

"नऊ."

"नऊ तितं बघ."

नऊ नंबर म्हणजे कणगी. कणगीचं असं असतं, की धान्य ठेवलं तर ती पन्नास वर्षं टिकते आणि पाणी ओतलं तर पाच मिनिटं. शेणामातीचं लिंपण सुटत सुटत चाललं होतं. गयाबाई तिच्यापुढं पोचली आणि तिच्या डोळ्यांदेखत कणगी हळूच खाली बसली, जशी दमलेली म्हस बसावी तशी.

"व माय! माजं पानी बसलं की व!"

त्यानंतर जे झालं त्याला मी इतिहासाची ओढ म्हणेन. चाळीस घरच्या बायका आपापला नंबर हुडकत वस्तूंवर तुटून पडल्या. सात नंबरवालीला मिळाली पायली. ती पायली डोळ्यांपुढं धरून म्हणाली, "ह्यात दोन म्हशी आन सहा मानसं?" आणि कौसाबाई, जी दोनच दिवसांपूर्वी ऊसतोडीवरून बिऱ्हाड घेऊन परतली होती आणि जिचा नंबर होता तेवीस, तिला मिळाला रांजण! माणूस बुडेल एवढा! कौसाबाई रांजणाला मिठी मारून उभी राहिली.

"वाटून घिऊ की गं," गयाबाई म्हणाली.

"कावून? ज्याचा नंबर त्याचं पानी. चेरमनचा नियम हाय."

आणि चेअरमनसाहेब नेमके तेव्हाच पांढरे कपडे करून साहेबांच्या स्वागताला आले. बायकांनी त्यांना घेरलं. "आबा, नियम बदला!" "आबा, नियम बदलू नका!" (ही कौसाबाई.) भाऊजींनी सगळीकडं पाहिलं, मग गोदामाच्या भिंतीकडं तोंड केलं. "नियम म्हंजी नियम. चेरमनचं घर बी एक नंबरचंच पानी घिईल. जरा जास्त न्हाई."

एक नंबर म्हणजे काय, हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

एक नंबरची वस्तू म्हणजे माझ्या संग्रहाचं भूषण. सासूबाईंच्याच जुन्या पेटीत तळाला सापडलेलं पितळेचं भांडं. तोंड पसरट, मान नाजूक, पोट गोल, अंगावर वेलबुट्टी. मी चिंच लावून, राख लावून, दोन दिवस घासून ते आरशासारखं लखलखीत केलं होतं. मग एका चित्रांच्या पुस्तकात तशाच घाटाचं काहीतरी पाहून मी पाटी लिहिली होती, वळणदार अक्षरात : 'निजामकालीन दरबारी पात्र. मानाच्या पाहुण्यांना यातून गुलाबपाणी दिले जात असे.' सासूबाईंना दाखवायचं राहून गेलं. त्यांना काय दाखवायचं? त्या शिकलेल्या नाहीत.

जाऊबाई पुढं आल्या, एक नंबरमधलं तांब्याभर पाणी बघून त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी वर पाहिलं. "आता साहेबाच्या च्याला येवढंच का?" त्या म्हणाल्या आणि ते भांडं उचलून सोसायटीच्या मागच्या खोलीत स्टोव्हपाशी घेऊन गेल्या.

तेवढ्यात जीप आली.

साहेब उतरले. वयस्कर, बारीक, हातात वही, चष्मा नाकाच्या टोकाला. त्यांच्यापुढं चित्र असं : रस्त्यावर चिखल, चिखलात कणगी, रांजणाला एक बाई चिकटलेली, आणि चाळीसेक बायका एकेक भांडं धरून भांडतायत. मी मनात पोती मोजायला लागले. या भिंतीला दहा, त्या भिंतीला दहा.

"हे संग्रहालय?" साहेबांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

"रोज साधारण किती लोक येतात?"

"आजच्याएवढे रोज येत नाहीत," मी म्हटलं. हेही खरंच होतं.

साहेब ओट्यावर चढले. अठरा नंबरपाशी थांबले. ते एक पोकळ, तिरपं कापलेलं बांबूचं कांडं होतं. एका टोकाला पेर, त्यामुळे त्यातही पाणी भरलेलं. माझी पाटी अजून डकवायची होती, ती मी हातातल्या गठ्ठ्यातून काढून वाचून दाखवली, "रणवाद्य. युद्धाच्या प्रसंगी फुंकण्यात येई."

मागून खसखस पिकली.

"व साहेब," अठरा नंबरवाली म्हणाली, "हे आमच्या घरचंच हाय. बैल बिमार पडला की ह्याच्यातून त्याला आवशीद पाजायचं. माज्या सासऱ्यानं केलेलं. हे बघा, हितं दात लागल्यात बैलाचे. ढवळ्या नाव व्हतं. लई हट्टी व्हता."

साहेबांनी दातांच्या खुणांवर बोट फिरवलं. "आणि हे घंगाळ?"

मी पाटी काढली. पण आता मला कोण विचारतं?

"ह्या घंगाळात बारा बाळंतपनं झाली, साहेब! धा माज्या सासूची, दोन माजी!" "अय, ते आमचं घंगाळ हाय, पोचा बघ त्याला, माज्या दिरानं रागानं फेकलंतं!" "मोटंचं चामडं बघा, चकलांब्याहून आनलंतं पायी पायी!" जी ती आपल्या वस्तूची हकिकत सांगायला लागली, कारण वस्तू आपली ठरली तर पाणी आपलं ठरत होतं. आणि प्रत्येक हकिकतीगणिक माझी एकेक पाटी खोटी पडत होती. मी त्या एकेक करून पदराखाली घेत गेले. साहेब भराभर लिहून घेत होते. चूक किती आहे ते लिहितायत, अशी माझी खात्री झाली.

"साहेब, च्या घ्या," भाऊजी म्हणाले. त्यांना घाई होती. पोत्यांची.

जाऊबाईंनी कपबशा आणल्या. साहेबांना कप दिला, भाऊजींना दिला, मलाही दिला. मी सकाळपासून उपाशी होते, दोन घोटांत संपवला. भाऊजींनी बशीत ओतून, फुर्रकन ओढून, मिश्या पुसल्या.

"चहा छान आहे," साहेब म्हणाले. "काहीतरी वेगळीच चव आहे."

"इलायची टाकली असंल," भाऊजी म्हणाले.

"न्हाई टाकली," जाऊबाई म्हणाल्या.

साहेबांनी वहीत पाहिलं. "दोनपासून बेचाळीस झाले. एक नंबर कुठं आहे?"

माझ्या जिवात जीव आला. एक नंबरची पाटी तरी खरी होती! मी आत धावले, रिकामं झालेलं पात्र पदरानं पुसलं, दोन्ही हातांनी धरून बाहेर आणलं आणि पाटी मोठ्यानं वाचली. दरबारी पात्र. मानाचे पाहुणे. गुलाबपाणी.

सासूबाईंनी तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेली. भांड्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "येवढी घासलीस व्हय? म्हून वळखली न्हाई मी. ही तर तुज्या आजेसासऱ्याची पिकदानी."

साहेबांनी कप तोंडापासून लांब धरला.

"दिवसाला वीस पानं खायचे मामंजी," सासूबाई प्रेमानं म्हणाल्या. "खोकला बी लई व्हता त्यायला."

तेव्हा ती गोष्ट घडली. भाऊजी वळले. भिंतीकडं नाही, जाऊबाईंकडं नाही, थेट माझ्याकडं! अठरा वर्षांनी पहिल्यांदा!

"सूनबाई," ते म्हणाले, "च्या कुटल्या पान्याचा व्हता?"

"एक नंबरच्या," मी म्हटलं. "तुमचाच नियम."

भाऊजींच्या चेहऱ्यावरून इतके रंग गेले की सोसायटीकडं एवढे डबे कधीच नव्हते. तोंड दाबून ते ओट्याच्या कडेला धावले. मग चूळ भरायला पाणी मागायला लागले. "पानी! कुनी तरी पानी द्या!"

कौसाबाईनं रांजणावरची मिठी आणखी घट्ट केली. "नंबर कुटला तुमचा, आबा?"

"अगं, देती का—"

"तेवीस हाय का?"

भाऊजींनी चहूकडं पाहिलं. प्रत्येक बाईनं आपापलं भांडं पदराआड केलं. मग ते जे पळत सुटले ते थेट साहेबांच्या जीपमध्ये जाऊन बसले. "डायवर, वाडीकडं घे बे! टँकर माघारी आनायचाय! बिगी बिगी!" इतका वेळ चाळीस घरं पाण्यासाठी ओरडत होती तेव्हा त्यांना भिंत दिसत होती. आता एका चुळीसाठी चेअरमननं टँकर गाठला, अर्ध्या रस्त्यातून वळवून आणला, आणि दुपारी एकच्या आत चाळीसही टिपाडं काठोकाठ भरली. (वाडीला दुसरी खेप पाठवली. तीही त्यांनीच उभं राहून.)

पण जीप गेली तेव्हा साहेब माझ्यापुढं तसेच उभे होते, हातात कप. त्यात तळाला घोटभर उरलेला. मी म्हटलं, "साहेब, चूक माझी आहे. पाटी मी लिहिली. सगळ्याच पाट्या मी लिहिल्या." आणि पदराखालचा गठ्ठा काढून त्यांच्यापुढं धरला. आता पोती तर पोती.

साहेबांनी कपात पाहिलं. थोडा विचार केला. मग तो घोट त्यांनी हळूच कणगीच्या चिखलात ओतला.

"बाई," ते म्हणाले, "नोकरीत मी बरीच खेड्यातली संग्रहालयं पाहिली. जिथं जाईन तिथं दरबारी पात्रं. तलवारी. मानाचे पाहुणे. पिकदाणी आमची आहे, असं आजवर एकाही गावानं कबूल केलं नाही. आणि बैलाच्या दातांची खूण मला कुणी दाखवली नाही."

त्यांनी शेऱ्याच्या वहीत उभ्या उभ्या लिहिलं. मी वाकून वाचलं : 'संग्रह अस्सल. खोली ग्रंथालयाकडेच असणे अत्यंत आवश्यक. पाट्या तेवढ्या बदलाव्यात. नवीन माहिती ज्येष्ठ महिलांकडून घ्यावी, प्रथम घरातील.' 'प्रथम घरातील' याच्याखाली त्यांनी रेघ ओढली होती.

संध्याकाळी भाऊजी कडुनिंबाची काडी चावत घरी आले. चौथी काडी होती ती. शेरा त्यांनी वाचला. भिंतीकडं पाहिलं. भिंतही काही बोलली नाही. मग ते म्हणाले, "पोत्याचं बघू कुटं तरी," आणि जेवायचं नाही म्हणून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठले. खोली झाडली, चिखल उपसला, सासूबाईंना दाराशी खुर्ची टाकली आणि त्या सांगतील तसं नव्या पाट्यांवर लिहीत गेले. नऊ वाजेपर्यंत सगळ्या झाल्या. तोवर ही हकिकत वाडीपर्यंत पोचली होती आणि वाडीच्या बायका पाहायला आल्या. सासूबाई उठल्या, काठी घेतली आणि एकेक वस्तू दाखवत, एकेकीचा जन्म-मृत्यू सांगत बेचाळीसपर्यंत गेल्या. मी शेवटी कोपऱ्यात केरसुणी घेऊन उभी होते. काठी माझ्याकडं वळली.

"आन ही माजी सून," सासूबाई म्हणाल्या. "बी. ए. झालीया. पिकदानी वळखू येत न्हाई, पर अक्शर लई चांगलं हाय."

वाडीच्या बायका जवळ आल्या आणि मला नीट न्याहाळू लागल्या. मी केरसुणी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि त्यांचं पाहून होईपर्यंत हलले नाही.